वळणाआधीचे चौदा पट्टे

दोलोस, चुलीत शेण्या घाल आणि वॅगनचं दार ओढून घे. एर्मेक, तू टेप गुंडाळून ठेव. तोंड पाडून बसू नकोस.

आज मी तुला खडूच्या सगळ्या खुणा पुसायला लावल्या. अर्धा दिवस फुकट गेला. तुला राग आला. मघाशी मी बाहेर होतो तेव्हा तू दोलोसला म्हणालास, "सागिन आबांचं वय झालं. टेपचं शून्य वळणाकडे धरलं काय आणि खिंडीकडे धरलं काय, पट्टे चौदाच भरणार." मी ऐकलं. माझे कान शाबूत आहेत.

चौदाच भरणार. बरोबर आहे तुझं.

आता माझं ऐका. हे मी आजवर तोंडाने फक्त एका बाईला सांगितलंय. ज्याच्यावर हे गुदरलं त्याचं नाव कालिबेक. त्याच्या हाताखाली मी पंधरा वर्षं काम केलं. मी शाळा चौथीत सोडली. रचून सांगणं मला येत नाही.

काम साधं होतं. सहा वर्षांपूर्वीचा ऑगस्ट, शेवटचा आठवडा. काचेचे बारीक मणी संपत आले होते. ओल्या रंगावर आपण टाकतो ते, दिव्यात चमकणारे. मेदेर नावाचा पोरगा ते आणायला शहरात जाणार होता. बुधवारी संध्याकाळी निघायचं, गुरुवारी रात्री परत. इतकंच.

मेदेर आमच्यात नवा होता. सव्वीस वर्षांचा, शहरात शिकून आलेला. कालिबेक आमचा मुकादम. पंधरा वर्षं त्या खिंडीच्या रस्त्यावर त्याच्या हातच्या रेघा होत्या. मशीन नव्हतं तेव्हा दोरी ताणून, गुडघ्यांवर रांगत त्याने मधली रेघ मारलेली. सरळ अशी, की बघतच राहावं. त्याचा त्याला अभिमान होता. असायलाच हवा.

काराजिल्गा खिंडीखालचं तिसरं वळण तुम्हाला ठाऊक आहे. तिथे उन्हाळ्यात अनारकुलचा तंबू असायचा. विधवा बाई. घोड्या पाळायची, रस्त्याकडेला घोडीच्या दुधाचा आंबवलेला किमिझ विकायची. ट्रकवाले तिच्याकडे थांबायचे. जे थांबायचे नाहीत ते उतारावरून सुसाट यायचे. कालिबेकने तिच्यासाठी वळणाआधी रस्त्यावर 'सावकाश' असं लिहिलं होतं. माणसाएवढी अक्षरं. कोणी सांगितलं नव्हतं, स्वतःहून. बायको जाऊन त्याला चार वर्षं झाली होती. कामावरून परतताना गाडी रोज तिथे उभी राहायची. आम्ही समजून होतो.

त्या उन्हाळ्यात एका ट्रकने तिचं शिंगरू उडवलं. अक्षरांवरच पडलं होतं.

"तुमची अक्षरं ट्रकवाल्याने वाचली नाहीत वाटतं, कालिबेक आबा," अनारकुल म्हणाली. "का शिंगराने वाचायची होती?"

सगळे हसले. कालिबेकही हसला. पण कान लाल झाले त्याचे.

मग मेदेर बोलला. "अनारकुल एजे, अक्षरं वाचली तरी माणूस पुढच्या क्षणी विसरतो. मी आडवे जाडसर पट्टे घालतो. वाचायची गरजच नाही. पायाला कळतात."

त्याने गाडीच्या टपावर काड्या मांडून दाखवलं. पहिल्या दोन पट्ट्यांत चौदा पावलांचं अंतर. मग तेरा. मग बारा. असं कमी होत होत वळणापाशी दोन. ड्रायव्हर एकाच वेगाने येतो, पण पट्टे भराभर यायला लागतात. चाकाखाली टप्… टप्… टप्, टप्टप्. त्याला वाटतं, गाडी पळायला लागली. तो न कळत पाय उचलतो.

"म्हणजे फसवायचं," कालिबेक म्हणाला.

"वाचवण्यासाठी, आबा."

"पंधरा वर्षं मी कोणाला फसवलं नाही."

"म्हणून शिंगरू गेलं," अनारकुल म्हणाली आणि आत जाऊन वाडगे घेऊन आली. किमिझ ओतला. आणि पहिला वाडगा मेदेरला दिला.

तुम्ही दोघं हसताय. आमच्या वेळी हसायची गोष्ट नव्हती ती. पहिला वाडगा वयाने मोठ्या माणसाला. तिथे सगळ्यात मोठा मी होतो, माझ्यानंतर कालिबेक. पोरगंही गोंधळलं. त्याने वाडगा माझ्याकडे सरकवला. "पी रे," ती म्हणाली, "आज ज्याने काही नवं सांगितलं त्याचा मान."

कालिबेकने आपला वाडगा गवतावर ठेवला. न पिता गाडीत जाऊन बसला. रात्री मला म्हणाला, "सागिन, ती माझ्याकडे बघून कधी अशी हसली नाही."

"पोरासारखा आहे तो तिला," मी म्हणालो.

"मला सांगू नकोस. मी बघितलं कशी बघत होती."

खरं सांगायचं तर तो वाडगा माझ्याही घशात अडकला होता.

बुधवारी मेदेरने एकट्याने माप घेतलं. निळ्या खडूने रस्त्याच्या कडेला चौदा खुणा केल्या. मला म्हणाला, "सागिन आबा, उद्या फक्त खुणांवर मशीन फिरवा. चौदा पट्ट्यांपुरते मणी आहेत." आणि शहराला गेला. शुक्रवारी मोठे साहेब काम बघायला येणार होते.

गुरुवारी सकाळी आम्ही गेलो. कालिबेक आमच्या आधी येऊन बसला होता. दगडावर एक ओलं पोतं वाळत घातलं होतं. पोत्यावर निळा खडू लागला होता.

ते मी पाहिलं.

खुणाही पाहिल्या. खिंडीच्या बाजूला दाट आणि वळणाकडे विरळ. मेदेरने काड्यांनी दाखवलं होतं त्याच्या बरोबर उलट. मशीन माझ्या हातात होतं. कालिबेक म्हणाला, "चालव. त्याच्याच खुणा आहेत." मी चालवलं. चौदा पट्टे मीच ओतले. कारण मला विचाराल तर तो वाडगा. दुसरं काही नाही.

कालिबेकला पोराला मारायचं नव्हतं. हे मी शपथेवर सांगतो. साहेबांसमोर त्याची फजिती व्हावी, अनारकुलने त्याला हसावं, एवढंच हवं होतं. त्यानंतर पट्टे खरवडून आपण पुन्हा 'सावकाश' लिहू, असं त्याच्या डोक्यात होतं.

इतर ड्रायव्हरांना काही झालं नाही. तो सगळा दिवस ट्रक गेले, गाड्या गेल्या. पट्टे नवे होते, त्यांच्यावर कोणाचा भरवसा नव्हता. वळण दिसलं की ते आपल्या सवयीने ब्रेक लावायचे.

गुरुवार, एकोणतीस ऑगस्ट. रात्री अकराला दहा कमी. मेदेर मण्यांची पोती घेऊन खिंडीतून उतरला. सकाळपासून गाडी चालवत होता. दिव्यात स्वतःचे पट्टे चमकलेले त्याला दिसले. त्याने डोळ्यांनी मोजले नसणार. पायावर सोडलं. टप्टप्, टप्, टप्… टप्……… टप्. पायाला वाटलं, गाडी मंदावली. ब्रेकवर पाय गेलाच नाही. गाडी वळणावरून थेट खाली गेली, रस्त्यावर खूणही नव्हती घासल्याची.

त्या पट्ट्यांवर विसंबणारा एकच माणूस होता. तोच गेला.

मातीच्या दिवशी मुल्लाने रिवाजाप्रमाणे जमलेल्यांना विचारलं, "हा माणूस कसा होता?" सगळे एका आवाजात म्हणाले, "चांगला होता." मी कालिबेकच्या शेजारी उभा होतो. त्याचे ओठ मिटलेले होते.

साहेबांनी पट्टे पाहिले. म्हणाले, पोराने उलटं मोजलं, शिकलेलं वाया. कालिबेकने ते खरवडून काढले आणि बरोबर घातले. चौदापासून दोनपर्यंत, एक बोट इकडे तिकडे नाही. "तुला हे माप कसं ठाऊक?" साहेबांनी विचारलं. "अंदाजाने," तो म्हणाला. वळणावर मेदेरच्या नावाचा दगड बसवला गेला. येणारे जाणारे ड्रायव्हर दगडाशी वेग कमी करून दुआ मागून दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवायचे, आपण सगळेच करतो तसं. कालिबेक रोज तिथून जायचा. हात चाकावरून उचलायचा नाही.

अनारकुलने सप्टेंबरात तंबू उतरवला. जाताना मला एवढंच म्हणाली, "तो उलटं मोजणारा नव्हता." कालिबेक समोर उभा होता. त्याच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

चाळिसावा दिवस आला. सोमवार, सात ऑक्टोबर. मेदेरचं गाव खिंडीपलीकडे. त्याची आई बुबुश आपा, एकुलता एक मुलगा गेलेला. जेवण झाल्यावर तिने कालिबेकला बाजूला घेतलं. मी दारात बूट घालत होतो, मला ऐकू आलं.

"तुम्ही त्याचे मुकादम. लोक म्हणतात माझ्या मुलाने स्वतःच्या हाताने खड्डा खणला. मला रात्री झोप येत नाही. तो खरंच चुकला का?"

कालिबेकने तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगेल. मग म्हणाला,

"चुकला, आपा. तरुण होता."

मी मुक्कामाला तिथेच राहिलो. तो एकटाच निघाला. पुढचं त्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

खिंड ओलांडली तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. तिसऱ्या वळणाचे पट्टे आले. त्याने सवयीने मोजले. टप्… एक. टप्… दोन. वेग कमी केला. बारा, तेरा, चौदा.

पंधरा.

तो म्हणाला, मला वाटलं मोजायला चुकलो.

सोळा. सतरा.

ब्रेक दाबला. गाडी थांबली. दगड उजव्या हाताला होता. त्याने घड्याळ पाहिलं. अकराला दहा कमी.

टप्.

गाडी उभी होती. त्याने इंजिन बंद केलं.

टप्… टप्…

चाकाखालून नव्हे. मागून. रस्त्यावरून. आणि दोन आवाजांमधलं अंतर कमी होत होतं. आठ पावलं… सात… त्याला मोजावं लागत नव्हतं. कळत होतं. ताज्या रंगाचा वास गाडीत भरला. काचा बंद होत्या.

पाच.

चार.

आरशात बघायचं धाडस झालं नाही.

तीन…

दोन…

मग काहीच नाही. दाराबाहेर, त्याच्या खांद्याच्या उंचीला, कोणीतरी श्वास घेतल्यासारखं…

नाही. पुढे तो मला काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. गाडी कशी चालू केली ते त्याला आठवत नव्हतं.

दोलोस, चहा गार झाला तुझा. पी.

कालिबेकचं घर रस्त्यापासून आत होतं. पॉप्लरच्या झाडांतून दारापर्यंत मातीची वाट, शंभरएक पावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वाटेच्या तोंडाशी, फाटकाजवळ, एक पांढरा पट्टा होता. आडवा. आपल्या पट्ट्याच्या रुंदीचा. कडा सरळ. मातीवर, एर्मेक. मातीवर आपला रंग धरत नाही, तुला माहीत आहे.

"गावातल्या कुणाचातरी चावटपणा," तो म्हणाला आणि फावड्याने खरवडला.

पुढच्या सकाळी तो परत तिथेच होता. आणि दुसरा आत. मी पावलं टाकली. चौदा.

तिसऱ्या सकाळी तिसरा. तेरा पावलं.

"कालिबेक," मी म्हणालो, "बुबुश आपाला जाऊन सांग."

"काय सांगू?"

"तुला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे."

"आणि मग? मग लोक म्हणणार, मेदेर बरोबर होता. मेदेर हुशार होता. अनारकुल त्याच्या दगडावर दूध ओतणार." तो ओरडायला लागला. "पंधरा वर्षं मी रेघा मारल्या, सागिन! त्याने चौदा पट्टे आखले. चौदा! आणि मेल्यावरही पहिला वाडगा त्यालाच?"

"तो इशारा देतोय तुला. पट्टे कशासाठी असतात? पुढे वळण आहे म्हणून."

"त्याचा इशारा मला नको."

रोज रात्री एक. झाडांमधून दाराकडे. तो रात्रभर खिडकीत बसायचा आणि पहाटे डोळा लागला की सकाळी नवा असायचा. जेवणं सुटली. वीस ऑक्टोबरच्या सकाळी तेरावा पट्टा उंबऱ्यापासून दोन पावलांवर होता. पुढचा कुठे येणार ते मोजायची गरज नव्हती.

त्या रविवारी संध्याकाळी त्याची गाडी माझ्या दारावरून गेली. खिंडीच्या दिशेने. मी हात केला. तो थांबला नाही. मला वाटलं, चालला. शेवटी चालला सांगायला. मी त्या रात्री शांत झोपलो.

सकाळी एका ट्रकवाल्याला तो सापडला. तिसऱ्या वळणावर, परतीच्या बाजूला. गाडीची पुढची चाकं चौदाव्या पट्ट्यावर. इंजिन चालू. दिवे दगडावर. कालिबेक चाकामागे सरळ बसलेला, दोन्ही तळवे चेहऱ्यावर. ते तळवे काढायला दोन माणसं लागली. डॉक्टर म्हणाला, हृदय.

त्याच्या मातीला मुल्लाने विचारलं, "हा माणूस कसा होता?"

सगळे म्हणाले, "चांगला होता."

मीही म्हणालो. मोठ्याने. वाटलं, दोघेही गेले, आता उकरून कोणाला काय मिळणार. त्याचं नाव राहू दे. माझंही राहू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटक उघडलं. पायाखाली पांढरा पट्टा होता.

मी खरवडला नाही. आत जाऊन बूटसुद्धा बदलले नाहीत. तसाच निघालो आणि दुपारी बुबुश आपाच्या घरी पोचलो. उभ्यानेच सगळं सांगितलं. निळं पोतं, उलट्या खुणा, मशीन माझ्या हातात होतं ते. वाडग्याचंही सांगितलं. माझ्या मुलांसमोर जे कधी बोललो नव्हतो ते त्या बाईसमोर बोललो.

ती रडली नाही. म्हणाली, "परवा रात्री एक गाडी माझ्या फाटकाशी येऊन उभी राहिली होती. इंजिन चालू ठेवून. कितीतरी वेळ. मी दिवा घेऊन बाहेर आले तेव्हा वळून गेली."

मग तिने मला चहा दिला. वाडगा काठोकाठ भरून. पाहुणा बसावा असं वाटतं तेव्हा आपण अर्धा भरतो. मी तो उभ्यानेच प्यालो आणि निघालो. तिने बरोबर केलं. तिच्या जागी मी दारही उघडलं नसतं.

पण मुलाचं नाव तिने धुऊन घेतलं. पुढच्या आठवड्यात साहेबांना मी लिहून दिलं. माझी नोकरी जायला हवी होती, त्यांनी काय बघून ठेवली आणि पुढे मला मुकादम केलं ते त्यांनाच माहीत. अनारकुल दर उन्हाळ्यात तिथे तंबू लावते. मला किमिझ विकत नाही.

म्हणून टेपचं शून्य वळणावर, एर्मेक. आणि तुझ्याशेजारचा माणूस चुकीच्या टोकाने मोजताना दिसला, तर तिथल्या तिथे बोलायचं. तो तुला आवडत नसला तर आधी बोलायचं.

"आबा," आत्ता तू विचारणार आहेस, "तुमच्याकडे दुसरा पट्टा आला का?"

नाही आला. घरी असलो की मी रोज पहाटे उठून चौदा पावलं चालतो. तिथे माती असते.

पहिला मात्र आहे. सहा हिवाळे त्याच्यावरून गेले. गेल्या रविवारी घरी गेलो होतो, तेव्हा वाकून बोट लावून पाहिलं. दरवर्षी पाहतो.

हे बघ, दिवा जवळ आण. नखाच्या कडेला पांढरं.

अजून ओला आहे.